तोंड नसलेला आवाज

माझ्या थोरल्या मुलाची, दत्ताची पहिली मुलगी पाळण्यात घातली, त्या दिवशीची गोष्ट. बारसं सकाळीच उरकलं. मी अर्धी रजा टाकली होती, म्हणून दुपारी डब्यात घुगऱ्या घेऊन ड्यूटीवर आले, तर ड्रमच्या खोलीत एक अनोळखी मुलगी जमिनीवर मांडी घालून गॉज कापत बसलेली. कापत कसली, नासत होती. तिच्या घड्यांच्या कडा बाहेर लोंबत होत्या. मी तिच्यासमोर घुगऱ्या ठेवल्या आणि कात्री काढून घेतली.

"कोणाची गं तू?" मी विचारलं.

"मी उल्का. पुण्याहून आले. तुम्ही इथे गप्पा कशा मारता ते बघायला."

मला वाटलं, थट्टा करते. सोलापुरातलं आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं होतं, आणि भिंतीभिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं. मला वाचता येत नव्हतं, पण त्या पाटीवर ओठांवर बोट ठेवलेल्या बाईचं चित्र होतं, ते मला कळत होतं.

ड्रम म्हणजे स्टीलचे गोल डबे. गॉजचे तुकडे, कापसाचे बोळे, पट्ट्या हातानं करायच्या, डब्यात भरायच्या आणि वाफेच्या भट्टीत वाफवून काढायच्या. जुन्या इमारतीत दुपारी काम थंडावलं की सिस्टर, मावश्या, मामा सगळे ड्रम भरायला एकत्र बसायचे. हात चालू आणि तोंड चालू. कोणाचं लग्न जमलं, कोणत्या रुग्णाचं दुखणं घरच्या काळजीचं आहे, कोणाच्या नवऱ्यानं पुन्हा सुरू केली, सगळं तिथं कळायचं. मग ट्रस्टनं पाच मजल्यांची नवी इमारत बांधली. तयार गॉजची पाकिटं यायला लागली. ड्रमची खोली तळमजल्यावर राहिली ती ऑपरेशन थिएटरच्या थोड्या कामापुरती, आणि तिथं मी एकटी. बाकीचे आपापल्या मजल्यावर. त्यानंतर चांगल्या चांगल्या सिस्टर नोकरी सोडून जायला लागल्या. मोठ्या डॉक्टरांना कोणीतरी सांगितलं की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून टिकत नाहीत. त्यांनी पुण्याच्या एका संस्थेला कळवलं आणि संस्थेनं उल्काला पाठवलं. मजल्यामजल्यावरच्या माणसांना गप्पा मारता येतील असं यंत्र ती करणार होती.

लिफ्ट चालवणारे यल्लाप्पा मामा हे ऐकून म्हणाले, "आजवर गप्पा मारल्या म्हणून मेमो मिळाला. आता नाही मारल्या म्हणून मिळणार बघा, मावशी."

उल्का दर गुरुवारी यायची. मला ती पोर आवडली. विचारायची ते अगदी बारीक. चहा आला की आधी कप कोण उचलतं, कोण कोणाशेजारी बसतं, कोण आल्यावर बाकीचे विषय बदलतात. असलं काही कोणी विचारतं याचंच मला नवल वाटायचं. ती विचारून गेली की मी सुद्धा बघायला लागले. खरंच, मी चहा घ्यायला वर गेले असताना मेट्रन थोरात मॅडम आल्या की आम्ही सगळे एकदम हवेविषयी बोलायचो.

पण एके दिवशी तिनं वहीत चित्र काढलं, तिसऱ्या मजल्यावरची चहाची खोली आणि तिथं बसलेली माणसं, आणि बोट ठेवून विचारलं, "या मार्था सिस्टर कायम भिंतीला पाठ लावूनच का बसतात? दाराकडे तोंड करून?"

"पाठ दुखते त्यांची," मी म्हणाले.

मार्था साळवे सिस्टरांना ऐकू येत नव्हतं. थोडं येत होतं, पण ते दर वर्षी कमी होत होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. जुन्या इमारतीत मी त्यांच्याच वॉर्डात होते. रुग्णानं हाक मारली की मी जाता जाता त्यांच्या बाहीला हात लावायची आणि त्या खाटेकडे बघायची. एवढं पुरायचं. समोर तोंड असलं की त्या ओठांवरून सगळं ओळखायच्या. हात तर असा की सुई टोचलेली कळायची नाही. त्यांचं लग्न झालं नव्हतं, क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या, आणि वॉर्ड हेच त्यांचं घर. कानाचं यंत्र का लावत नाही असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "यंत्र लावलं की दिसेल. दिसलं की वॉर्ड जाईल."

नव्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. तिथं त्यांच्या बाहीला हात लावणारं कोणी नव्हतं. एका बाईची सलाईन संपली, ती हाका मारत राहिली, सिस्टर पाठमोऱ्या औषधं मांडत राहिल्या. सुदैवानं काही झालं नाही. बाईच्या नवऱ्यानं तक्रार केली की या सिस्टरला फार मिजास आहे. मिजासच्या तक्रारीवर भागलं, म्हणून आम्ही दोघींनी देवाचे आभार मानले, त्यांनी त्यांच्या आणि मी माझ्या.

पाडव्याच्या सुमाराला उल्कानं यंत्र आणलं. प्रत्येक मजल्यावर चहाच्या जागी एक पेटी, तळमजल्याची माझ्या खोलीत. बटण दाबून बोललं की सगळ्या मजल्यांवर ऐकू यायचं. पहिले काही दिवस जत्राच होती. चौथ्या मजल्यावर वांग्याचं भरीत जास्त झालंय, या. मुलगी बघायला आलेल्यांनी काय काय विचारलं. यल्लाप्पा मामा पेटीतून मोठ्या डॉक्टरांचा आवाज काढायचे आणि नव्या सिस्टर खरंच उठून उभ्या राहायच्या. मी एकटी गॉज कापायची, पण खोली भरल्यासारखी वाटायची.

मार्था सिस्टर ड्यूटी संपली की माझ्याकडे यायच्या. एकदा आल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. मग म्हणाल्या, "त्या पेटीतून काही आलं की सगळ्या हसतात. म्हणून मी पण हसते. आज मी हसले, तर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या मजल्यावरच्या सुनंदाच्या सासऱ्याला पॅरालिसिस झाला म्हणून पेटीत सांगत होते."

मी कात्री खाली ठेवून त्यांच्याकडे तोंड केलं.

"माणसाचं तोंड दिसलं की मला कळतं, द्वारका. हा तोंड नसलेला आवाज आहे."

सिस्टर पेटीला उत्तर देत नाहीत, असं वर बोललं जायला लागलं. कोणी म्हणे गर्व, कोणी म्हणे वय झालं. उल्काच्याही ध्यानात आलं. सगळ्यांना जिच्याजवळ बसायचं असतं ती बाई पेटीजवळ का जात नाही, हे तिनं मला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी म्हणाले, "या पेटीत आवाजाऐवजी अक्षरं येतील का गं?"

तिनं मान वर केली. "येतील की. टीव्हीसारखा पडदा लावता येईल. पण मावशी, तुम्हाला तर वाचता येत नाही. मग अक्षरं कशाला?"

खरं सांगायची सोय नव्हती. मी म्हणाले, "शिकायचंय मला."

तिचे डोळे असे चमकले की मला माझंच खोटं गिळता येईना. पुढच्या महिन्यात सगळ्या मजल्यांवर पडदे आले, खाली बटणांची पाटी, प्रत्येक बटणावर मराठी अक्षराची चिकटपट्टी. आणि उल्कानं मोठ्या डॉक्टरांना सांगूनही टाकलं की द्वारकामावशी शिकणार आहेत. आता शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मार्था सिस्टरांनी मला शिकवलं. ऑपरेशनचे रबरी हातमोजे धुऊन वाळवून पुन्हा वापरायचे, तेव्हा त्यांना आतून पावडर लावायचा ट्रे असायचा. सिस्टर त्या ट्रेमध्ये पावडर पसरून बोटानं अक्षर काढायच्या, मी गिरवायची, मग ट्रे हलवला की पाटी कोरी. आईबापानं नाव ठेवलं द्वारका, आणि पहिलंच अक्षर जोडाक्षर. सिस्टर म्हणाल्या, तुझ्या आधी माझं शिक, तर त्यात रफार. दोघी हसलो. मग त्यांनी मला रोज लागणारे शब्द आधी दिले. चहा. या. आल्या. गेल्या. पडद्यावर हेच जास्त यायचं, कोण आलं आणि कोण ड्यूटी संपवून गेलं.

मला तो पडदा फार नवलाचा वाटायचा. सकाळी काळ्या मुंग्या दिसायच्या, त्यांतली एखादी मुंगी दुपारी अक्षर व्हायची. आणि सिस्टर बदलल्या. वरच्या मुली पडद्यावर काही लिहायच्या, सिस्टर लगेच असं तिखट उत्तर टाकायच्या की खालपर्यंत हसणं यायचं. गर्वाचं बोलणं बंद झालं. बाही धरायला वर कोणी नव्हतं, ते तसंच होतं. रुग्णाची हाक काही पडद्यावर येत नव्हती. पण निदान चहाच्या वेळी त्या माणसांत होत्या.

संक्रांतीनंतरचा गुरुवार होता. सिस्टरांना वॉर्डात चक्कर आली. मुलींनी रक्तदाब बघितला, तो वाढलेला होता, तेव्हा त्यांना बळजबरीनं सुट्टी देऊन लिफ्टनं खाली पाठवलं. त्या माझ्या खोलीत घटकाभर बाकावर पडल्या, पाणी प्याल्या, आणि क्वार्टरवर जाऊन झोपते म्हणून निघून गेल्या. थोड्या वेळानं पडद्यावर तिसऱ्या मजल्याची ओळ आली. मी एकेक अक्षर धरत वाचली. मार्था सिस्टर कशा आहेत?

शेजारी कोणी नव्हतं. आजवर मी सिस्टरांच्या समोरच बटणं दाबली होती. आता प्रश्न आला होता आणि उत्तर मलाच माहीत होतं. सिस्टर बऱ्या होऊन घरी गेल्या, एवढं सांगायचं होतं. 'बऱ्या' कसं लिहायचं ते कळेना. 'होऊन' नकोच. 'घरी' मधला घ बटणांवर सापडेना. जे येत होतं ते लिहिलं.

मार्था गेल्या

रफारासकट बरोबर आलं. कोणाच्या मदतीशिवाय लिहिलेली माझी पहिली ओळ. मी पुन्हा पुन्हा वाचली आणि पलीकडच्या खोलीत भट्टीची वाफ सोडायला गेले.

वाफेच्या आवाजात मला पावलं ऐकू आली नाहीत. झडप बंद केली, तर जिन्यावरून धबधब्यासारखं काहीतरी उतरत होतं. दारात आले तेव्हा ड्रमची खोली माणसांनी भरलेली. तिसरा मजला सगळा, चौथ्याच्या दोघी, हातमोजे तसेच घातलेले थिएटरचे मामा, सुनंदा रडत होती, यल्लाप्पा मामा टोपी हातात घेऊन. मागून थोरात मॅडम, आणि त्यांच्यामागे, कुठल्याशा मजल्यावर तार जोडता जोडता धावत आलेली उल्का. आणि या सगळ्यांकडे पाठ करून, बेसिनपाशी मार्था सिस्टर कप विसळत उभ्या. चष्मा विसरला म्हणून परत आल्या होत्या.

"सिस्टर," सुनंदानं हाक मारली. मग हुंदका देऊन पुन्हा, मोठ्यानं. सिस्टरांनी कप उलटा करून पाणी झटकलं. पदराला हात पुसले. मग वळल्या.

समोर एवढी माणसं, रडकी तोंडं. त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "कोण गेलं?"

शेवटी यल्लाप्पा मामा म्हणाले, "तुम्हीच, सिस्टर."

सिस्टरांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि अशा हसायला लागल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. मग सगळेच हसले. सुनंदा रडता रडता हसली आणि मला चापट मारली. मग सिस्टरांनीच स्टोव्हवर आधण ठेवलं. मेलेल्या माणसाच्या हातचा चहा मी पिणार नाही असं यल्लाप्पा मामा म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी कप घेऊन बसले. नव्या इमारतीत आल्यापासून एवढी माणसं एका खोलीत बसली नव्हती. उल्का दारात उभी राहून बोटावर माणसं मोजत होती. मग तिनं मोजणं सोडलं आणि आत येऊन गॉजच्या गठ्ठ्यावर बसली.

थोरात मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी कप घेतला, फिरत फिरत सिस्टरांच्या मागे गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर साळवे, साखर द्या जरा."

सिस्टर समोरच्या मुलीशी बोलत राहिल्या.

मॅडमनी पुन्हा तेच म्हटलं, त्याच आवाजात. खोली हळूहळू गप्प झाली. माझा हात आपसूक पुढे गेला आणि सिस्टरांच्या बाहीला लागला. त्या चटकन वळल्या. मॅडमनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"किती दिवसांपासून?" मॅडमनी विचारलं.

सिस्टरांना ओठ दिसले होते. त्यांनी साखरेचा डबा उचलून मॅडमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बरेच."

चहा संपवून माणसं वर गेली. उल्का मागे राहिली. तिनं विचारलं, "अक्षरं सिस्टरांसाठी मागितली होती तुम्ही?"

"हो."

"मला सांगायचं ना, मावशी."

"तू वहीत लिहून घेतलं असतंस."

तिनं वही मिटून पिशवीत टाकली.

दुसऱ्या आठवड्यात कानाची तपासणी झाली. मॅडम वाईट नव्हत्या. नोकरी राहील म्हणाल्या, पण वॉर्ड नाही, एखाद्या रुग्णाचा जीव जाईल. ते चूक आहे असं कोणालाच म्हणता आलं नाही, सिस्टरांनाही नाही. त्यांना ड्रमच्या खोलीची इन्चार्ज केलं.

म्हणजे माझ्यासोबत. मला वाटलं, आता दिवसभर दोघी. पण पहिल्या दिवशी सिस्टर आल्या, खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. इतकी वर्षं त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या, सगळ्यांची तोंडं दिसावीत म्हणून. आता माझं तोंड त्यांना दिसायला नको होतं. मी काही बोलले तरी पोचणार कसं? पुढे जाऊन उभी राहिले तर त्या डोळे मिटून घ्यायच्या. पावडरचा ट्रे रिकामा पडून होता. गॉज मात्र अशा कापायच्या की धाग्याला धागा लागावा.

सुनंदा येऊन सांगून गेली की त्या माझ्यावर रागावलेल्या नाहीत, वॉर्ड गेल्याचं दुःख आहे. मामा म्हणाले, दोन्ही. मला मामांचं पटलं.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी माझ्या ध्यानात आलं की सिस्टर बसतात त्या भिंतीवरच पडदा आहे. मी बटणांच्या पाटीशी जाऊन बसले. जे लिहीन ते पाचही मजल्यांवर दिसणार होतं. दिसू दे म्हटलं. घ शोधायची गरज नव्हती. एकेक बटण दाबत गेले.

सिस्टर रागवु नका. मी द्वारका

सिस्टरांची कात्री थांबली. मग चालू झाली. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. पडद्यावर वरून कोणाची काही ओळ येईना. पाचही मजल्यांवर माणसं चहा हातात धरून थांबली होती, हे मला नंतर कळलं.

गठ्ठा कापून झाल्यावर सिस्टर उठल्या. कात्री जागेवर ठेवली. माझ्याकडे न बघता पाटीशी आल्या, मला कोपरानं बाजूला सरकवलं आणि भराभर बटणं दाबली. मग हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या, मी वाचेपर्यंत. मी वाचलं.

रागावू. ग ला काना. व ला दुसरा उकार. पुन्हा लिही.

मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पावडरचा डबा काढला.

उल्काचं काम पुढच्या वर्षी संपलं आणि पडदे निघाले. तिनं जाताना बटणांची पाटी मला दिली. तिच्या यंत्राचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. दुपारी वरची माणसं खाली यायची सवय मात्र लागली ती राहिली, तयार पाकिटं असली तरी. मॅडमनी ते चालू दिलं. सिस्टरांनी कानाला यंत्र लावलं, पण त्यांना ते कधी आवडलं नाही. खोलीत गर्दी झाली की काढून खिशात ठेवायच्या आणि आमच्या तोंडांकडे बघत बसायच्या. निवृत्त झाल्यावर त्या नगरला भावाकडे गेल्या. तिथून मला पत्रं यायची, मी उत्तर लिहायची, आणि माझंच पत्र लाल शाईनं तपासून परत यायचं.

हे मात्र नीट लिहिते: मार्था साळवे सिस्टर २०१७ साली, गुड फ्रायडेच्या आधीच्या मंगळवारी, नगरला भावाच्या घरी वारल्या.